शेपूट मोजत नाहीत

नाही मामा, तुम्ही उगाच आलात, मघापासून तेच सांगतेय. सतरा नंबर गेली. गेली म्हणजे — गेली. पहाटे. बाकीच्या एकोणचाळीस कुत्र्या सकाळच्या गाडीतून पाठवल्या, तुमच्या मालकाचा मॅनेजर आला होता, एकेक मोजून घेऊन गेला. त्याला मी सांगितलं, सतरा नंबरची पट्टी बदलायची राहिलीये, पाचच्या आत कुणाला तरी पाठवा — हो, सकाळी दहाला सांगितलं. मग पहाटे कशी गेली? बरोबर आहे तुमचं. पहाटे तब्येत बिघडली. गेली दुपारी, दोनच्या सुमाराला. मला काय म्हणायचंय ते कळलं ना, मग झालं. हा घ्या कागद, मृत्यूची नोंद आहे, मालकाच्या हातात द्या आणि सुटा. — तिथे बसू नका, तो बाक ओला आहे, आत्ताच फिनेलने पुसलाय. बसलात. बरं, बसा.

काय? डॉक्टरांची सही नाही, ते दिसतंय मला. उद्या होईल. डॉक्टर काय चोवीस तास इथे बसून असतात का — आणि मला विचारू नका उद्याचं, उद्या मी नाहीये इथे. पाच वाजता ओळखपत्र आणि किल्ल्या त्या खिडकीत ठेवायच्या आणि घरी जायचं. निलंबित. दोन वर्षं सात महिने निरीक्षक होते मी, प्राणी-कल्याण निरीक्षक, त्यातला अजून पाऊण तास शिल्लक आहे. तेवढ्यात तुमचं हे एक काम उरकायचं होतं, तर तुम्ही बसलाय.

त्रास झाला का तिला? आता विचारताय? नाही, खरंच विचारते, चाळीस जणी तिथे जाळीत असताना कधी विचारलंत का कुणाला — मालकाला, स्वतःला? तुम्ही नोकर माणूस, मान्य. एकटे, चाळीस पिंजरे, तेही मान्य. मी तुमच्यावर नाही चिडलेय. तुमच्यावर चिडायला तुम्ही माझे कोण? आपलं माणूस लागतं त्याला.

काकांवर चिडलेय. सख्खे नाहीत हो, ऑफिसातले काका, सगळेच त्यांना काका म्हणतात, तुम्ही पाहिलंय त्यांना — तपासणीच्या दिवशी फाटकापाशी तुम्हाला बाजूला घेणारे, पांढऱ्या मिशांचे, तेच. मी कॉलेजातून इथे आले तेव्हा आई म्हणाली, कायदा शिकलीस तर माणसांची वकिली कर, कुत्र्यामांजरांना कोर्टात कोण नेतं. मी म्हटलं, मी नेते. काका हसले नाहीत तेव्हा. बाकीचे हसले, काका नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एका गोठ्यात नेलं आणि सांगितलं, हात मागे बांध. मला वाटलं गंमत करतायत. म्हणाले, हात मागे, आधी फोटो, मग पाणी. कॅमेरा सगळीकडून फिरेपर्यंत आत काही जाणार नाही. पाणी नाही, चारा नाही, तुझा हातही नाही. जनावर ज्या अवस्थेत सापडलं तीच अवस्था न्यायाधीशाला दिसली पाहिजे, त्यात तुझी दया मिसळली की ती अवस्था तुझी झाली, मालकाची राहिली नाही. किती छान वाटलं होतं मला ते वाक्य. वहीत लिहून ठेवलंय.

ते? ते काही नाही, वॉशिंग मशीन आहे मागच्या खोलीत. चादरी टाकल्यात धुवायला. जुनं मशीन आहे, मध्येच आपटतं.

तर मामा, तुम्हाला कुणी नीट सांगितलंय का, तुमचा मालक सुटला कसा? नसेल सांगितलं. दोन कायदे असतात — एक केंद्राचा, एक राज्याचा. मला दोन्ही तोंडपाठ होते, वसतिगृहात मैत्रिणी गाणी म्हणायच्या तेव्हा मी कलमं म्हणायचे, उशा फेकून मारायच्या मला. केंद्राचा कायदा परवाना देतो आणि पिंजरा मोजतो. राज्याचा कायदा छळ बघतो — अन्न, पाणी, जखम, आजार. मला वाटायचं, दोन कायदे म्हणजे दोन भिंती, मध्ये जनावर सुरक्षित. प्रत्यक्षात दोन भिंतींच्या मध्ये बोळ असतो, आणि तुमच्या मालकासारखी माणसं त्या बोळातून आरामात गाडी काढतात. मी न्यायालयात म्हटलं, एवढ्याशा पिंजऱ्यात कुत्री आयुष्यभर ठेवायची, पिल्लं काढून घ्यायची, पुन्हा ठेवायची, हा छळ आहे. तर त्यांचं उत्तर, पिंजरा हा केंद्राचा विषय, माप बरोबर आहे की नाही तेवढं सांगा. माप बरोबर होतं. चाळीसच्या चाळीस पिंजरे मी गुडघ्यावर बसून मोजले, एकही सूतभर कमी नाही. सूतभर जास्तही नाही, मामा, तुमच्या मालकाने तो कायदा माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचलाय. आणि माप कसं घेतात माहितेय? नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत टेप लावायची, वर चार बोटं सोडायची, झाला पिंजरा. शेपूट मोजत नाहीत. ज्याने कुणी हे कलम लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर शेपूट नसलेलं कुत्रं होतं.

आणि ही तर नुसती शेपूटच होती. कुणी आलं की हलवणार, झाडू दिसला की हलवणार, शेजारच्या पिंजऱ्यात कुणी भुंकलं तरी हलवणार, आणि प्रत्येक वेळी ती जाळीवर आपटणार. टोक फुटलेलं. बरं होऊ घातलं की पुन्हा आपटायचं, पुन्हा फुटायचं. जाळीवर रक्ताचे शिंतोडे, वरपर्यंत. मी तो फोटो न्यायालयात मोठा करून लावला, मला वाटलं आता कुणाच्या तोंडून शब्द फुटणार नाही. तुमच्या मालकाचा वकील उठला आणि म्हणाला, कुत्री आनंदात होती याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडेही नाही. न्यायाधीश हसले नाहीत, पण मागच्या रांगा हसल्या. आणि त्या चिंधीचाही त्याने पुरावा केला — तिच्या शेपटीला चौकड्याची चिंधी बांधलेली होती ना, बघा म्हणाला, देखभाल होत होती, जखमेवर पट्टी होती. कुणी बांधली होती ती? मालकाने तर नक्कीच नाही, त्याला शर्ट फाडायची सवय दिसत नाही.

तुम्ही.

काय म्हणायचात तुम्ही तिला? चिंधी? शेपटीच्या चिंधीवरून चिंधी. — आवाज नका चढवू, म्हणजे, हळू बोला, शेजारी साहेब बसतात. हो, आपटतंय मशीन. कपडे एका बाजूला गोळा झाले की आपटतं. मी तिला नाव नव्हतं ठेवलं, मामा. सहा महिने खटला चालला, सहा महिने रोज दोनदा मी पट्टी बदलली, तिच्या खोलीच्या चारी भिंतींना कमरेएवढ्या जुन्या गाद्या लावल्या आपटू नये म्हणून, घरून आईच्या गाद्या आणल्या, आई अजून सतरंजीवर झोपतेय — पण नाव नाही ठेवलं. ती पुरावा होती. पुराव्याला नाव द्यायचं नसतं, हेही काकांनीच शिकवलेलं.

कुठे होते मी? पाण्यावर. पिंजरा गेला, शेपूट गेली, राहिलं पाणी. राज्याच्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय, बांधलेल्या किंवा कोंडलेल्या जनावरासमोर पाणी असलं पाहिजे, सदासर्वकाळ. आणि तुमच्याकडे चार दिवस मोटर जळालेली होती. ते मला नंतर कळलं. आम्ही आलो तेव्हा चाळीस भांडी कोरडी ठणठणीत, तळाला हिरवी पुटं सुकून पापुद्रे निघालेले. खोटं नाहीये हे. हे लक्षात ठेवा, काहीही झालं तरी भांडी कोरडी होती. आम्ही आलो तेव्हा. म्हणजे आम्ही फाटकातून आत आलो त्या क्षणी.

कॅमेरावाला पुढच्या रांगेत अडकला होता. एकच कॅमेरा, चाळीस पिंजरे, प्रत्येकाचे चार बाजूंनी चार फोटो, नंबराची पाटी प्रत्येक फोटोत दिसली पाहिजे — तास दीड तास जातो. मी मागच्या रांगेत उभी, हात मागे. ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. सतरा नंबर भांडं चाटत होती. कोरडं भांडं, मामा, जीभ खरखर वाजत होती पत्र्यावर. आणि रांगेच्या टोकाला दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या, काठोकाठ, थोडं पाणी हिंदकळून खाली सांडलेलं.

तुमच्याच होत्या. माहितेय मला. शेजारच्या फरशीच्या कारखान्यातून तुम्ही आणत होतात चार दिवस, दोन हातांत दोन बादल्या, एवढ्या लांबून, आणि त्या दिवशी तुम्ही फाटकातून आत आलात तर आमच्या माणसांनी तुम्हाला थांबवलं. बादल्या खाली ठेवा, कशाला हात लावायचा नाही, बाहेर उभे रहा. तुम्ही बाहेर उभे होतात. मी पाहिलं होतं तुम्हाला. अहवालात नाही लिहिलं. 'नोकर उपस्थित होता' एवढंच लिहिलं, बादल्या नाही लिहिल्या — काय फरक पडला असता? मालकाने मोटर दुरुस्त केली नाही ती नाहीच केली ना. तुम्ही चार दिवस वाहून आणलंत म्हणून त्याचा गुन्हा कमी होतो का? नाही होत. मग कशाला लिहायचं. असं मला वाटलं.

पाणी पाजलं मी तिला. झालं, सांगितलं. कोणाला ऐकवेल ती खरखर? तुमच्या बादलीतून तांब्याने घेतलं आणि भांड्यात ओतलं. आणि मग शेजारची उभी राहिली, सोळा नंबर, तिलाही ओतलं, पंधरा, चौदा, अख्ख्या रांगेला. तेव्हा मला असं वाटलं ना, की मी याच्यासाठीच तर शिकले. दोन मिनिटं वाटलं. मग कॅमेरावाल्याची पावलं ऐकू आली वळणावर.

इथे थांबते मी. न्यायालयात इथपर्यंतच आले होते — म्हणजे न्यायालयात इथपर्यंतही नाही आले. तिथे मी सांगितलं, आम्ही गेलो, भांडी कोरडी होती, फोटो काढले, मग पाणी दिलं. आणि फोटोत भांडी कोरडीच आहेत. वाटल्यास बघा, फाईल इथेच आहे.

नका बघू माझ्याकडे असं.

ओतून टाकलं मी. सगळं. दहा भांडी, पटापटा, मोरीत, आणि स्वेटरच्या बाहीने आतून पुसून काढली. कारण खोटं काय होतं त्यात? कोरडी होती, ती मी पुन्हा कोरडी केली, जसं होतं तसं केलं. न्यायाधीशाला खरंच तर दाखवायचं होतं. नऊ भांड्यांचं काही नाही, नऊ जणींचं पिऊन झालं होतं. सतरा नंबर पीत होती. तिचंच भांडं शेवटी राहिलं होतं, ती अजून पीत होती, आणि मी — जाळीतून हात घालून भांडं ओढलं. तिच्या तोंडाखालून. तिने दात नाही दाखवले, गुरगुरली नाही, माझ्याकडे पाहून शेपूट हलवली. तिला वाटलं मी अजून आणायला चाललेय.

तहानलेल्या जनावरापुढचं पाणी जाणूनबुजून काढून घेणं — राज्याचा कायदा, कलम नऊ, पोटकलम दोन. सगळ्या खटल्यात त्या कलमात बसणारं कृत्य एकाच व्यक्तीने केलं. तुमच्या मालकाने नाही. त्याने नुसतं दिलं नव्हतं.

आणि काकांनी पाहिलं. वळणावर उभे होते, हातात टेप. मी बाही पिळत होते आणि ते पाहत होते, आणि काही बोलले नाहीत, वळून निघून गेले. मी समजले, ते माझ्या बाजूने आहेत. सहा महिने, मामा, सहा महिने आम्ही एकाच थर्मासमधला चहा प्यायलो, माझं टिपण त्यांनी तपासून दिलं, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या त्यात, 'भांडी पूर्णतः कोरडी आढळली' या ओळीखाली त्यांची लाल पेन्सिल क्षणभर थांबली होती आणि पुढे गेली होती. मला काय कळणार? माणूस गप्प बसला की आपण त्याची संमती धरतो. आणि मग तो वकील एके दिवशी सतरा नंबरचा फोटो भिंतीएवढा करून आणतो आणि काठीने दाखवतो — हे भांडं, कोरडं. ही कुत्री. हिच्या मिशांवर हे काय चमकतंय? थेंब. भांडं कोरडं, मिशा ओल्या, कसं काय बुवा? मी म्हटलं, लाळ असेल. त्याने काकांना उभं केलं. शपथ घातली. आणि काका माझ्याकडे न बघता, एका मिनिटात, सगळं. ओतताना पाहिलं, पुसताना पाहिलं. स्वेटरचा रंगसुद्धा सांगितला.

एक फोटो बनावट म्हणजे सगळे बनावट. एकशेसाठ फोटो रद्द, खटला रद्द, चाळीस कुत्र्या परत, आज संध्याकाळी पाचच्या आत. जिन्यात मी त्यांना गाठलं, म्हटलं, काका, का? गप्प राहायचं होतं तर राहायचं ना शेवटपर्यंत, बोलायचं होतं तर त्याच दिवशी माझा हात धरायचा. त्या दिवशी का नाही धरलात? ते म्हणाले, त्या दिवशी चुकलं माझं, वाटलं तूच येऊन सांगशील. मी वाट बघत होतो. आणि आता खोटं बोललो असतो तर पुढच्या खटल्यात माझा शब्द कोण मानणार, पुढच्या पिंजऱ्यातल्या जनावरांचं काय? पुढच्या. सगळं कायम पुढच्यांसाठी. मला ही हवी होती, मामा, ही एक, हिचं भांडं मी ओढलं होतं. वाट बघत होते म्हणे. मास्तरांसारखे. मुलगी आपणहून उभी राहून चूक कबूल करील म्हणून सहा महिने वाट बघत होते आणि मी त्यांना चहा ओतून देत होते.

हो, खोकून घ्या, फिनेलचा वास जातो घशात.

ऐकलंत.

मशीन खोकला ऐकून चालू होत नाही, मला माहितेय. मशीनच नाहीये मागे, चादरी धोब्याकडे जातात. म्हणा एकदा नाव. नको, नका म्हणू — म्हणालात. बघा. गाद्या लावल्यात सगळ्या भिंतींना, फक्त दार राहिलं, दाराला गादी लावता येत नाही, आणि ती नेमकी दारालाच टेकून बसलीये. मघापासून, तुम्ही तोंड उघडलंत तेव्हापासून. मी सहा महिने रोज त्या दारातून आत गेले, माझ्यासाठीही हलवायची, नाही असं नाही. पण इतकी नाही. असं दार नाही वाजवलं माझ्यासाठी कधी.

द्या तो कागद इकडे. मेली म्हणून सांगायचं, पाचला किल्ल्या ठेवायच्या, साडेपाचला मागच्या दाराने तिला घरी न्यायचं, आईला काहीतरी सांगायचं — असं होतं सगळं. डॉक्टरांची सही मीच करणार होते. एक खोटं तर पचलं नाही, दुसरं करायला निघाले होते, आणि ते या बाईसाहेबांनी शेपटीने खोडून काढलं. काकांपेक्षा हिची साक्ष जोरदार.

तुम्ही असं म्हणताय की मालकाला सांगतो, मेली. कागद द्या मला, तसाच नेऊन देतो. — नको. का म्हणजे? त्याला समजलं तर तुमची नोकरी जाईल, आणि तुम्ही गेलात की त्या एकोणचाळीस जणींना बादल्या कोण आणणार? मोटर दुरुस्त केलीये म्हणाला न्यायालयात. केलीये का? बघा, तुम्ही मान हलवता तेव्हा कळत नाही हो का नाही. आणता अजून बादल्या. बरं. आणत राहा.

ये. ये बाहेर. — हळू, हळू, शेपटी आपटेल बाकावर, धरा कुणीतरी — हां, तुम्हीच धरा. तुमच्याकडेच गेली. अशी धरायची ही गोष्ट मला सुचलीच नाही, मी नुसत्या पट्ट्या बांधत बसले. ही मलमाची डबी, सकाळ-संध्याकाळ, पट्टी कोरडी ठेवायची, सैल बांधायची. इथे सही करा. 'जिवंत व सुस्थितीत मिळाली', त्याच्याखाली. वेळ चार पंचेचाळीस लिहा. खरी वेळ लिहा.

थांबा, पाणी पितेय. कोपऱ्यातल्या भांड्यातलं. दोरी ओढू नका, मामा, पिऊ द्या. पुरतं पिऊ द्या तिला. मी बघत नाही, तुम्ही सांगा झालं की.

झालं? मग जा. जा आता, पाच वाजायला आलेत, मला ड्रॉवर रिकामा करायचाय. — नाही, मी नाही येत फाटकापर्यंत. पायऱ्या जपून उतरा, तिला तिसरी पायरी दिसत नाही. उतरली. एकदाही मागे वळून — असू दे. दार ओढून घ्या.